मालकालाही कुलूप

भोर
५ जून २०२४

प्रिय आत्या,

तुला फोन तीनदा लावला. एकदा तुझा अर्धा 'हॅलो' ऐकू आला, एकदा नुसता वारा, आणि मग ती बाई सांगू लागली की तू संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेस. म्हणून कागद घेतला. हे पत्र कापूरहोळला दुधाच्या टेम्पोवाल्याकडे देते. वेल्ह्याच्या तुमच्या डोंगरात मोबाईलपेक्षा टेम्पो बरा.

आत्या, माझं डोकं ठिकाणावर नाही. चिखलणीचा हंगाम तोंडावर आलाय. आमच्या मालकांचे, धनाजीदादांचे, चिखलणीचे टिलर भाड्याने घ्यायला लोक आमच्या वेबसाइटवर नोंद करणार, आणि दरवर्षीप्रमाणे सगळा घोळ होणार. गेल्या वर्षी एकच टिलर एकाच सकाळी उत्रोलीतल्या दोन खाचरांवर लावला होता. शिव्या कोणी खाल्ल्या? मी. ही साइट दादांच्या पुतण्याने, अद्वयने, कॉलेजात असताना लिहिली आणि तो निघून गेला परदेशात. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलंय. एका गोणीत तांदूळ, कपडे आणि रॉकेल भरावं तसं. एक काढायला जावं तर दुसरं सांडतं.

त्यात दादांचा स्वभाव. कोणी पाहुण्यातला, ओळखीतला फोन करतो, "दादा, तेवढं उद्याचं बघा की", आणि दादा स्वतः साइटवर जाऊन त्याचं नाव मधेच घुसवतात. नाही म्हणणं त्यांच्या जिभेला येतच नाही. ज्याचा नंबर गेला तो मला विचारतो.

मला हे सगळं नव्याने बांधायचंय, जँगो नावाच्या फ्रेमवर्कमध्ये. फ्रेमवर्क म्हणजे आधीच खण पाडलेली मांडणी समज, आपण फक्त ज्याचं त्याच्या खणात ठेवायचं. दोन वर्षं मी दादांच्या मागे लागलेय. त्यांचं उत्तर ठरलेलं, "चालतंय न्हवं? मग चालत्या गाडीचं चाक कशाला काढतीस?" पालथ्या घड्यावर पाणी.

पुण्यात बाणेरच्या एका कंपनीने मला बोलावलंय. तिथे सगळं नव्या पद्धतीचं. मी त्यांना थांबा म्हटलंय, लावणी आटपेपर्यंत. दादा तोवर हो म्हणाले तर राहीन, नाहीतर जाईन. पण तू म्हणशील तसं, असं मी म्हणणार नाही हं. तुला नुसतं सांगतेय.

तुझी,
चैत्राली


वेल्हे
९ जून

चैत्राली बाळा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी पोटभर खा, मग दादांशी भांड. तुझं अक्षर बघूनच कळलं की लिहिताना पाय हलवत होतीस. लहानपणी इथे सुट्टीला यायचीस तेव्हाही तसंच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

जँगो हे नाव वाचून मला आधी वाटलं कोणी कुत्रा पाळलास. मग खणांचं वाचलं तेव्हा समजलं. अंगणवाडीत मी बत्तीस वर्षं काढली, मला खणांचं महत्त्व सांगू नकोस. पोरांच्या चपला एका ढिगात टाकल्या की घरी जाताना रडारड ठरलेली.

बाणेरचं वाचून मात्र हातातलं काम राहिलं. जा म्हणणार नाही आणि जाऊ नको असंही म्हणणार नाही. तुझे काका गेल्यापासून एक रविवार सोडून एक तू येतेस. बाणेरवरून कोण एसटी बदलत बदलत इथवर येतंय? हे नुसतं विचारतेय, तुझ्यासारखंच.

तुझ्या दादांना नेमकं काय दिसलं की ते हो म्हणतील, ते कळव. माणसाला पटवायचं तर त्याला काय हवं ते आधी बघावं.

कुंदाआत्या


भोर
२१ जून

प्रिय आत्या,

आत्या, निम्मी लढाई जिंकले! दादांनी चाचणीला होकार दिलाय. भोरच्या बाजूला जुनी साइट, आणि फक्त वेल्ह्याच्या बाजूला माझी नवी. वेल्ह्याकडून आपल्याला नोंदी कधी येतच नाहीत. दादा म्हणाले, "तितनं मला हंगामात धा माणसं गावली, तर तुजा जँगो सगळीकडं लाव. बोलनं संपलं."

मी रात्रंदिवस बसून बांधलीय. नंबर टाकला की मोबाईलवर आकडे येतात, ते टाकले की नोंद पक्की. एकदा एकाने वेळ घेतली की ती दुसऱ्याला मिळत नाही. दादांनाही ती बदलता येत नाही. हे ऐकून ते जे चिडले! "मालकालाच कुलूप? माज्याच धंद्यात?" मी म्हटलं, दादा, हाच तर सगळा फायदा आहे. ते उठून पान थुंकायला गेले.

पण आता आठवडा होत आला, आणि एकही नोंद नाही. मी दर थोड्या वेळाने उघडून बघते. जेवताना बघते. काल देवासमोर दिवा लावतानाही बघितलं. दादा येता-जाता विचारतात, "काय गं, तुजं यंत्र उपाशीच हाय व्हय?" सगळे हसतात. मीही हसते आणि मग खाली जाऊन एकटी चहा पिते.

आत्या, मला हे हरायचं नाही. बाणेरला जायचं तर मी जिंकून जाईन. इथून 'हिला काही जमलं नाही' म्हणून मला जायचं नाही.

चैत्राली


वेल्हे
२४ जून

बाळा,

आज आटोपतं लिहिते. चुलीवर मोठं पातेलं आहे आणि वाडीतली सगळी माणसं जेवायला यायची आहेत. कसलं जेवण ते नंतर सांगेन.

तू उगाच जीव जाळू नकोस. देवासमोर मोबाईल बघायचा नाही, एवढं ऐक. वेल्ह्याची माणसं उशिरा उठतात, पण उठली की एकदम उठतात.

कुंदाआत्या


भोर
२९ जून

आत्या! आत्या!

तू म्हणालीस तसंच झालं, माणसं एकदम उठली! एका संध्याकाळी धडाधड नोंदी आल्या. मी ऑफिसातून निघतच होते, मोबाईल वाजला, मग परत वाजला, मग थांबेचना. धा माणसं म्हणाले होते ना दादा? तुमच्या एका बाजूने त्याच्या दुप्पट तरी आली. हंगामातले मधले दिवस वेल्ह्यासाठी भरून गेले. दादांनी उत्रोलीला ठेवलेले दोन टिलर काढून तिकडे वळवलेत.

दादा माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आगं पर सगळी एकाच टायमाला कशी काय?" मी त्यांना समजावलं की डोंगरात रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते, लोक दिवसाची कामं आटपून संध्याकाळी वर चढतात. त्यांना ते पटलं. मलाही पटलं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पुढच्या हंगामापासनं सगळं हिच्या पद्धतीनं." आणि पेढे मागवले.

बाणेरच्या नोकरीला मी नकार कळवला. आजच. त्या बाईंनी विचारलं, विचार पक्का ना? मी म्हटलं, एकदम पक्का. फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन नाचले, खरंच. पुढच्या रविवारी येतेय. तुझ्या हातचे घावने हवेत.

तुझी जिंकलेली,
चैत्राली


वेल्हे
२ जुलै

माझ्या जिंकलेल्या बाळा,

पत्र वाचून डोळ्यांना पाणी आलं. आता तुला सगळं सांगायला हरकत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शेजारच्या सगुणाबाईकडे गेले. म्हटलं, माझ्या भाचीचं काम अडलंय. ती म्हणाली, "अडलंय तर इरजिक घालू की. त्यात काय इचार करायचा?" आपल्याकडे एखाद्याची लावणी मागे पडली की सगळी वाडी त्याच्या शेतात उतरते, आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. इथे शेत नव्हतं, तुझी वेबसाइट होती. तेवढाच फरक.

संध्याकाळी सगळे मोबाईल घेऊन टेकाडावर गेलो. ज्यांच्याकडे साधे मोबाईल होते त्यांनी नंबर दिले, ज्यांच्याकडे मोठे होते त्यांनी भरलं. सावळारामभाऊंच्या मोबाईलवर आकडे आले, पण चष्मा घरी राहिलेला. ते हात लांब करून ओरडतायत, "कुंदे, ह्यो सात हाय का येक हाय? वाच की लवकर, परत जाईल त्यो!" सगुणाबाईला वाटलं तारीख म्हणजे तिची जन्मतारीख. पोरं हसून हसून लोळली. मग माझ्या घरी मटकीची आमटी आणि भात, आणि गुळाची खीर. इतकी मजा गेल्या पाच-सहा वर्षांत आली नव्हती.

टिलरचं म्हणशील, तर आमच्या वरच्या खाचरांत तो फिरणार कुठे? एवढीएवढीशी तर आहेत. आमची चिखलणी बैलांनीच होते. येईल तुमचा ड्रायव्हर, चहा-भजी खाईल आणि जाईल. आम्ही कोणाला उपाशी पाठवत नाही.

रविवारी ये. घावने करते.

कुंदाआत्या


भोर
८ जुलै

आत्या,

तुझं पत्र मला काल मिळालं. रस्त्यावर दरड आली म्हणून टेम्पो चार दिवस अडकला होता, आणि रविवारची एसटीही सुटली नाही. पण पत्र मिळण्याआधीच मला गोरखचा फोन आला. गोरख आमचा टिलरवाला. म्हणाला, "म्याडम, हितं भजी हायेत, चा हाय, मानसं लई ग्वाड हायेत, पर चिखलायला रान न्हाई. दोन दिस झालं, म्या नुसता खातोय."

मला आधी वाटलं तो चुकीच्या वाडीत गेला. मी त्याच्यावर ओरडले. मग तुझं पत्र वाचलं.

आत्या, हे काय केलंस? तुला कळतंय का काय झालंय? तुमच्या पलीकडच्या गावची नूतन आहे ना, सासूला घेऊन एकटी शेती बघते ती. तिने त्या धडाधड नोंदींनंतर चारदा माझ्या साइटवर नोंद करायचा प्रयत्न केला. चारदा तिला आलं, वेळ उपलब्ध नाही. तिने ऑफिसला फोन केला. फोन मीच घेतला, आत्या, मीच. आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ताई, आता वशिला चालत नाही, जो आधी नोंद करेल त्याचं." तिची रोपं वाढून गेलीयत. उत्रोलीतले टिलर तुमच्या भज्यांसाठी काढले, तिथलेही लोक खोळंबलेत.

माझ्या त्या कुलपाने खोट्या नोंदी इतक्या घट्ट धरून ठेवल्या की खऱ्या माणसाला आत येता येईना. मी काल सगळ्या काढून टाकल्या, पण गेलेले दिवस कुठून आणू?

तू विचारलं होतंस ना, दादांना काय दिसलं की हो म्हणतील? तू ते दाखवलंस. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी हरले असते तरी चाललं असतं गं. खरं हरले असते. आता मी जिंकलेय आणि मला तोंड दाखवायला जागा नाही. दादा दारावर नव्या साइटच्या पाटीचं माप घेतायत. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

रविवारी येत नाही.

चैत्राली


वेल्हे
१२ जुलै

चैत्राली,

पत्र वाचलं आणि जोत्यावर बसून राहिले. सगुणाबाई आली तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आगं बया, आमी तर भलं कराया गेलो." मी म्हटलं, आपण भलं करायला कुठे गेलो होतो? मी माझं करायला गेले होते. तू बाणेरला जाऊ नयेस म्हणून. हेच खरं आहे. तुझं नाव पुढे केलं, पण हौस माझी होती. रविवारी दाराशी एसटी थांबते तेवढ्यावर माझा आठवडा जातो. त्याच्यासाठी मी एका बाईची लावणी अडवली, हे मला सहन होत नाही.

नूतनकडे गेले. ती मला रागावली नाही, त्याने जास्त लागलं. टिलर तर उत्रोलीला परत गेलेले, म्हणून दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी माणसं आणि आमच्या दोन्ही बैलजोड्या तिच्या शेतात उतरवल्या. इरजिक चुकीच्या जागी घातली होती, ती आता बरोबर जागी घातली. तीन दिवस जेवण माझ्याकडचं. रोपं वाढलीयत, पण लागली. पीक येईल तेवढं येईल.

धनाजींना सांग, आणि माझं नाव घेऊन सांग. वाडीचं नको, माझं. मला झाकायला जाऊ नकोस. आणि बाणेरवाल्यांना परत फोन कर. मी जा म्हणतेय. आता नुसतं विचारत नाही, सांगतेय.

कुंदाआत्या


भोर
१७ जुलै

आत्या,

सांगितलं. तुझं नाव घेऊन, इरजिकीसकट सगळं.

दादांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग दोन्ही एकदम. "आगं, येबसाइटीला इरजिक! माज्या बापजन्मात आयकलं न्हाई." नंतर आवाज चढला. "आनि तुजं कुलूप काय कामाचं मग? जुन्यात म्या एका फोनवर नूतनला आत घेतली असती." आणि ते खरं होतं.

पाटीचं माप घेतलेला कागद त्यांनी खिशात घातला. सगळीकडे नवी साइट लावायचं रद्द. चाचणी तेवढी हंगाम संपेपर्यंत चालू. तुमच्या वाडीचे सगळे नंबर या वर्षापुरते बंद करायला सांगितलेत, ते मी माझ्या हाताने बंद केले. उरलेल्या वेल्ह्याकडून आतापर्यंत खऱ्या नोंदी फक्त चार आहेत. धा होत नाहीत, हे तुलाही कळतंय आणि मलाही.

बाणेरला फोन केला. ती जागा भरली. म्हणजे मी इथेच आहे, अद्वयची गोणी शिवत. तुला हवं होतं तसंच झालं, असं लिहून तुला टोचणार होते. पण तू नूतनच्या चिखलात तीन दिवस उभी होतीस हे तिकडे एका खऱ्या नोंदीवर गेलेल्या गोरखने सांगितलं, आणि मग टोचवेना. पाठ दुखत असेल. तेल लावून घे.

रागावलेय अजून. पण येईन कधीतरी.

चैत्राली


वेल्हे
२४ जुलै

चैत्राली बाळा,

हे पत्र पोचेपर्यंत धनाजींनी तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर माझ्याकडून ऐक. पण जे घडलं ते पहिल्यापासून सांगते, मधूनच सांगितलं तर तुला पटायचं नाही.

नूतनच्या शेतावर दिवस गेले आणि माझं रस्त्याकडेचं खालचं खाचर तसंच राहिलं. बैल दमलेत, एकाचा खूर दुखतोय. रोपं हातभर झालीयत. ते एकच खाचर असं आहे की जिथे टिलर उतरतो. म्हटलं, आता खरंच गरज आहे, आता रीतसर मागू. एकटीच टेकाडावर गेले. तू केलंयस तसं सगळं भरलं, नाव, गाव, नंबर. तुझ्या यंत्राने लिहून दाखवलं, 'हा नंबर या हंगामासाठी बंद आहे.' मी परत भरलं. परत तेच.

खोटं बोलले तेव्हा त्याने तिकडे पेढे वाटायला लावले, आणि खरं बोलले तेव्हा दार लावलं. मी तिथे दगडावर बसून हसले आणि थोडी रडलेही.

मग माणसाचा स्वभाव जातो का? मी धनाजींना फोन लावला. तुझ्या त्या जुन्या सवयीच्या लोकांसारखाच. म्हटलं, "दादा, मी चैत्रालीची आत्या. चूक माझी होती, पण एवढं एक खाचर तेवढं बघा की."

ते म्हणाले, "कुंदाताई, थांबा, बघतो." बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "ताई, म्या घालून बघितलं. मलाबी न्हाई म्हनतंय. मालक हाय म्हनून सांगितलं तरीबी न्हाईच."

मी म्हटलं, "मग चैत्रालीला सांगा ना, ती काढेल."

"ती काढंल. पर म्या तिला सांगनार न्हाई." आणि मग ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "ताई, ईस वर्सं झाली धंद्याला. पाव्हना, शेजारी, सरपंच, देवळाचा पुजारी, कुनालाच मला न्हाई म्हनाया आलं न्हाई. परतेकाला व्हय म्हनलो आनि ज्याचा नंबर खरा हुता त्याच्या रानात नेमका टिलर गेला न्हाई. त्यांची तोंडं मला झोपंत दिसत्यात. आज पयल्यांदा माज्या वतीनं कुनीतरी न्हाई म्हनलं, आनि मला वाईट दिसावं लागलं न्हाई. त्या दिवशी पोरीवर वरडलो. ह्येच पायजे हुतं मला. धा नोंदी गेल्या खड्ड्यात. पाटी लावतो. उद्या सांगतो तिला."

मग म्हणाले, "तुमी रागावू नका, पर तुमचं खाचर न्हाई मिळनार."

मी म्हटलं, नाही रागावत. आणि खरंच नाही रागावले. भाचीचं जँगो माझ्यापेक्षा शहाणं निघालं, त्याने माझ्या म्हातारपणाला भीक घातली नाही. नूतनला तू फोनवर जे म्हणालीस, वशिला चालत नाही, ते मला त्याने ऐकवलं. ते योग्यच होतं.

तेव्हा तू जिंकलीस, बाळा. या वेळी खरं जिंकलीस, माझ्यामुळे नाही, माझ्याविरुद्ध. आता तिथे रमलीस तर माझ्यासाठी रमू नकोस. पुन्हा कुठलं बाणेर बोलावेल तेव्हा जा म्हणायचंच माझ्या तोंडून येईल, एवढं मी टेकाडावरून उतरताना ठरवलंय. आता टेकाडावर चढून तुला फोन करायची आणि एसटीने तुझ्याकडे यायची मला सवय करून घ्यायची आहे.

मात्र खाचर अजून तसंच पडलंय आणि रोपं थांबणार नाहीत. बैलाला विश्रांती, वाडीतली माणसं आपापल्या कामात, सगुणाबाईचा गुडघा सुजलाय. रविवारी ये. माझा नंबर तू चालू करणार असशील तर येऊ नकोस. करणार नसशील तर जुनी सलवार घेऊन ये, आपण दोघी फावडं घेऊन चिखल करू. घावने दुपारी.

तुझी,
कुंदाआत्या